धर्मराजाचा रथ आणि यू-२ विमान

राज्यकारभारात गुप्तता असावी की नसावी, हा वाद निरर्थक आहे, ती असणारच. खरा प्रश्न निराळा आहे. गुप्तता राखण्यासाठी शासनाने मौन पाळावे, की स्वतःच्याच नागरिकांस खोटे सांगावे? १९६० च्या मे महिन्यात अमेरिकेत जे घडले, ते या प्रश्नाच्या विचारास फार उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

१९५६ च्या जुलैपासून अमेरिकेची यू-२ विमाने सुमारे सत्तर हजार फूट उंचीवरून सोव्हिएत रशियाची छायाचित्रे घेत होती. कार्य हेरखात्याचे, जगास मात्र ते हवामान-संशोधन म्हणून सांगितले जाई. विमान पडलेच, तर वैमानिक जिवंत हाती लागणार नाही, या गृहीतावर सारी बतावणी उभी होती. १ मे १९६० रोजी पेशावरहून निघालेले फ्रान्सिस गॅरी पॉवर्स यांचे विमान स्वेर्दलोव्स्कजवळ क्षेपणास्त्राने पाडले गेले, आणि पॉवर्स हवाई छत्रीने जिवंत उतरले.

५ मे रोजी ख्रुश्चेव्ह यांनी विमान पाडल्याचे जाहीर केले. वैमानिकाविषयी मात्र ते हेतुतः गप्प राहिले. ‘नासा’ या संस्थेने तत्काळ निवेदन काढले: विमान तुर्कस्तानातील व्हॅन सरोवराच्या परिसरात हवामानाची निरीक्षणे करीत होते, आणि वैमानिकाने प्राणवायूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याचे कळविले होते. नासाची चिन्हे रंगविलेले दुसरे एक यू-२ पत्रकारांपुढे उभे करण्यात आले. ६ मे रोजी परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते लिंकन व्हाइट यांनी रशियाची हद्द ओलांडण्याचा हेतू मुळीच नव्हता असे ठासून सांगितले. दुसऱ्याच दिवशी ख्रुश्चेव्ह यांनी वैमानिक जिवंत असून आपल्या ताब्यात असल्याचे प्रकट केले. बिचाऱ्या व्हाइट यांस खरी हकीकत कोणी सांगितलीच नव्हती!

११ मे रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी जबाबदारी स्वतःकडे घेतली. परंतु १६ मे रोजी पॅरिसला भरलेली चार राष्ट्रप्रमुखांची परिषद मोडली, आणि आयसेनहॉवर यांचा ठरलेला रशिया-दौराही रद्द झाला. पॉवर्स यांस दहा वर्षांची शिक्षा झाली. १९६२ च्या फेब्रुवारीत रुडॉल्फ एबल या सोव्हिएत हेराच्या बदल्यात ते सुटले.

राजकीय हानी काही काळाने भरून निघते. विश्वासाचे तसे नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताच धर्मराजाचा भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली टेकला, तो पुन्हा उचलला गेला नाही. अमेरिकेत पुढे तेच दिसले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये टोंकिनच्या आखातात दुसरा हल्ला झाल्याचे सांगून व्हिएतनाम-युद्धाचा मार्ग मोकळा करण्यात आला. तो हल्ला झालाच नव्हता, हे पुढे सरकारी दफ्तरांतूनच उघड झाले. १९७१ मध्ये पेंटॅगॉनचे गुप्त कागद प्रसिद्ध झाले, पाठोपाठ वॉटरगेट आले. शासन बहुधा योग्य तेच करील असे मानणारे अमेरिकन १९६४ साली शेकडा ७७ होते, ते १९७४ साली ३६ उरले. ही सारी घसरण एका विमानाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु आपले शासन आपल्याशी खोटे बोलू शकते, हा धडा पुष्कळांनी १९६० मध्येच प्रथम गिरविला.

हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर भारत सरकारने याच विमानांना सीमाभागाची पाहणी करू दिली, आणि १९६४ मध्ये ओडिशातील चारबतियाचा तळ वापरू दिला. अमेरिकी हेरखात्याने याचा अधिकृत तपशील २०१३ साली खुला केला. त्या काळी आपल्या जनतेस हे सांगितले नव्हते. युद्धाच्या छायेत असे मौन क्षम्य असू शकते, असे आम्ही मानतो. मौन राखलेल्या शासनास पुढे सत्य सांगता येते. खोटे बोललेल्याने सत्य सांगितले, तरी ऐकणारा आधी संशय घेतो.

आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर निवेदनांचे मसुदे सहीसाठी येतात. परप्रांतात तर लोक आपणांस नावाने ओळखत नाहीत. ते ओळखतात ती सहीखालची सरकारी मोहोर. ‘याविषयी काही सांगता येत नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्यास कडू लागते खरे, परंतु त्या मोहोरेची किंमत त्याने घटत नाही. व्हाइट यांच्या हाती ते एक वाक्य त्या दिवशी असते, तर पुष्कळ काही वाचले असते.