विद्यार्थ्यांचा मोकळा वेळ: पंचकार्डापासून मोबाइलपर्यंत

 

"पोरं दिवसभर मोबाइलमध्ये असतात" हे वाक्य घोटीच्या बाजारपेठेत ऐकू येतं आणि विद्यापीठाच्या सभागृहातही. पण तक्रार म्हणजे विचार नव्हे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्या विषयाची एक खोड अशी, की कुणी "वेळ वाया गेला" म्हटलं की आधी विचारायचं, कुठला वेळ? कुणाचा? म्हणून आज आपण इतिहासाच्या वाटेने जाऊ. संगणक विद्यार्थ्याच्या जवळ जवळ येत गेला, तसतसा त्याचा मोकळा वेळ कसा बदलला, एवढंच पाहू.

आधी शब्द बघू. ग्रीक भाषेत फुरसतीला 'स्कोले' म्हणत. इंग्रजीतला 'स्कूल' त्यातूनच आला. ॲरिस्टॉटलने इथे एक भेद केला आहे. दमलेला माणूस ताजातवाना होण्यासाठी खेळतो, ती करमणूक. ती शेवटी कामाच्याच सेवेत असते. फुरसत मात्र कामासाठी नसते, उलट काम फुरसतीसाठी असतं. आता मराठीकडे या. 'अवकाश' म्हणजे जागा आणि 'अवकाश' म्हणजे सवडही. 'सुट्टी'चं नातं सुटण्याशी आहे. जो कशाला तरी बांधलेला असतो, त्यालाच सुट्टी मिळते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे संगणक आला तो दाराआड. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' सुरू झाला. १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० आला. त्या काळात विद्यार्थी कार्डांना भोकं पाडून प्रोग्राम तयार करायचे, गठ्ठा द्यायचा आणि उत्तराची वाट बघायची. संगणकाला दार होतं, रांग होती, वेळापत्रक होतं. त्याच्यापासून उठून माणूस चहाला जाऊ शकत होता. खरं तर जावंच लागायचं.

बाकीच्या लाखो मराठी विद्यार्थ्यांनी संगणक पाहिलाही नव्हता. त्यांची फुरसत वेगळ्या जागी होती. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचं. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका रंगू लागल्या. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना आली आणि पोरं शिबिरांना जाऊ लागली. शिवाय गॅदरिंग, कट्टा, कॅरम होतेच. या सगळ्यात एक गोष्ट समान होती. ही फुरसत चारचौघांत, एका जागी आणि एकाच वेळी मिळायची.

पण थांबा. आमच्या पिढीला हा काळ फार गोड करून सांगायची सवय आहे. या इगतपुरी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला आषाढात विचारा ना, फुरसत कुठे आहे? चिखलात, आवणीला. आणि मुलीला? तिला आषाढातही नव्हती आणि वैशाखातही नव्हती. कॉलेजमधून घरी आली की पाणी, भाकरी, धाकटी भावंडं. कट्ट्यावर बसलेल्या मुली आमच्या आठवणींत फार नाहीत, त्याचं कारण त्यांना गप्पांची आवड नव्हती हे नव्हे. तेव्हा "पूर्वी विद्यार्थ्यांना छान मोकळा वेळ होता" या वाक्यात 'विद्यार्थी' म्हणजे बहुतेक वेळा मुलगा, तोही ज्याला घरी काम नाही असा.

पुढचा टप्पा सायबर कॅफेचा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. काही वर्षांत तालुक्याच्या गावांतही प्लायवूडचे कप्पे असलेली दुकानं निघाली. तासाला पैसे मोजावे लागत. निकाल बघायचा, ईमेल करायचा, मग ऑर्कुट. पण तास संपला की मालक आवाज द्यायचा आणि माणूस उठायचा. दार अजून शाबूत होतं, बरं का.

ते दार पहिल्यांदा नाहीसं झालं ते वसतिगृहाच्या खोलीत. आपल्या राज्यातलं याचं ठळक उदाहरण पवईच्या आयआयटी मुंबईचं. तिथे वसतिगृहाच्या खोल्यांत नेटवर्क पोचलं होतं. अभ्यासाची सोय म्हणून ते आलं. त्याच तारेतून सिनेमे आले, खेळ आले, रात्रभराच्या गप्पा आल्या. मार्च २००७ मध्ये संस्थेने निर्णय घेतला की रात्री ११ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० पर्यंत खोल्यांतलं इंटरनेट बंद राहील. कारणं कोणती दिली? मुलं सकाळच्या तासांना येत नाहीत, आली तर पेंगतात, आणि एकमेकांत मिसळत नाहीत. विद्यार्थ्यांना हे रुचलं नाही. आम्ही कधी झोपावं, कधी जागावं हे संस्थेने का ठरवावं, हा त्यांचा सवाल होता.

या वादात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. देशातल्या सर्वांत अवघड परीक्षांपैकी एक पार करून आलेली ती मुलं. त्यांना आळशी कोण म्हणेल? आणि ती एकटीही नव्हती, रात्री दोन वाजता एकमेकांशी खेळतच होती. मग हरवलं काय होतं? आमच्या मते हरवली होती कडा. एकाच टेबलावर, एकाच पडद्यावर प्रयोगाचा अहवाल आणि खेळ दोन्ही. अभ्यास करताना खेळ खुणावतो, खेळताना अहवाल टोचतो. धड काम नाही, धड सुट्टी नाही. कारण सुटायला बांधलेलं असावं लागतं आणि इथे गाठच कुठे दिसत नाही. संस्थेने बटण बंद करून ती कडा बाहेरून आखून पाहिली. उपाय ओबडधोबड होता, पण दुखणं नेमकं ओळखलं होतं.

पवईत जे निवडक हुशार मुलांच्या वाट्याला आलं, ते दहा-बारा वर्षांत सगळ्यांच्या खिशात आलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. मग रोज एक-दीड जीबीचे पॅक आले. यातली गंमत बघा. रात्री बारा वाजता उरलेला डेटा बुडतो. म्हणून पोरं म्हणतात, "डेटा संपवायचाय." फुरसतीला कोटा आला! जी गोष्ट संपवावी लागते, ती फुरसत कसली? आणि २०२० च्या टाळेबंदीत तर वर्गच मोबाइलवर आला. वर्ग पुन्हा भरले, तरी सवय उरली. प्राध्यापकांची सूचना रात्री दहाला ग्रुपवर येते. घोटीहून नाशिकला कॉलेजला जाणारा मुलगा स्टँडवर एसटीची वाट बघत पूर्वी नुसता उभा असायचा, कंटाळायचा, शेजारच्याशी बोलायचा. त्या कंटाळ्यातच पुष्कळदा डोक्यात काहीतरी उगवायचं. आता कंटाळ्याला जागाच नाही. करमणूक भरपूर झाली, अवकाश आटला.

मग काय, बंदी घालायची? इथे आमचं स्पष्ट मत आहे. नाही. कारण आपल्या घरांत बंदी आली की पहिला मोबाइल मुलीच्या हातातून जातो. जिला कट्टा कधी मिळालाच नाही, तिला त्या पाच इंचांच्या पडद्यावर पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली आहे. भाकरी झाल्यावर ती मैत्रिणीशी बोलते, गाणं ऐकते, स्पर्धा परीक्षेचं व्याख्यान बघते. ही तिची पहिली फुरसत आहे. ती काढून घ्यायचा अधिकार आमच्या पिढीला कुणी दिला?

करायचंय ते वेगळं. कडा पुन्हा आखायच्या, पण मिळून. कॉलेजांनी ठरवावं, संध्याकाळी सातनंतर अभ्यासाच्या ग्रुपवर सूचना टाकायची नाही. गावाने ठरवावं, संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडं असेल, तिथे कॅरमही असेल, आणि मुली तिथून निर्धास्त घरी जाऊ शकतील. फुरसत एकट्याच्या निग्रहाने फार टिकत नाही. बाकीचे सगळे ऑनलाइन असताना एकट्याने मोबाइल बंद करणं म्हणजे उपासच. चौघांनी बंद केला, तर ती सुट्टी होते.

विद्यार्थी मित्रहो, आम्ही तुमच्याकडे हिशेब मागत नाही. फक्त एक प्रश्न सोबत न्या. आज दिवसात असा कुठला वेळ होता, जो कशासाठीच नव्हता? उत्तर सापडलं तर तो वेळ जपा. नाही सापडलं, तर दोन मित्रांना विचारून बघा.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.