डोमेन नेम नव्या संकेतस्थळाकडे वळविताना

संकेतस्थळ एका होस्टिंग कंपनीकडून दुसरीकडे हलवावयाचे म्हटले, की डोमेन नेमही सोडावे लागेल, अशी धास्ती अनेकांना वाटते. वस्तुतः तशी गरज नसते. संकेतस्थळाने बिऱ्हाड बदलले तरी नाव तेच राहते. बदलावी लागते ती केवळ त्या नावापुढील पत्त्याची नोंद. या नोंदी सांभाळणारी व्यवस्था म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, अर्थात डीएनएस.

इंटरनेटच्या आरंभकाळी सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत. संगणकांची संख्या वाढताच ही पद्धत अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. नोंदींचा कारभार एका ठिकाणी न ठेवता तो ज्या त्या डोमेनच्या नेम सर्व्हरकडे सोपविणे, हे त्याचे सूत्र होते.

प्रमुख नोंदी

ए रेकॉर्ड : नावापुढे सर्व्हरचा आयपी पत्ता नोंदवितो, उदाहरणार्थ, १९२.०.२.१०. आयपी आवृत्ती ६ च्या लांब पत्त्यासाठी एएएए रेकॉर्ड असतो.

सीनेम रेकॉर्ड : एक नाव हे दुसऱ्या नावाचे उपनाव असल्याचे सांगतो. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ने सुरू होणाऱ्या नावासाठी तो सोयीचा ठरतो. सेवा देणाऱ्या कंपनीने पुढे आयपी पत्ता बदलला, तरी आपल्याला नोंद बदलावी लागत नाही. मात्र मूळ डोमेनला एनएस व एसओए या नोंदी अनिवार्य असतात आणि सीनेमसोबत अशा अन्य नोंदी ठेवता येत नाहीत. म्हणून मूळ डोमेनला ए रेकॉर्डच द्यावा.

एमएक्स रेकॉर्ड : त्या डोमेनचे ई-मेल कोणत्या सर्व्हरकडे जावे, हे ठरवितो.

एनएस रेकॉर्ड : डोमेनच्या नोंदी कोणत्या नेम सर्व्हरवर आहेत, हे सांगतो.

बदल कसा करावा?

प्रत्येक नोंदीसोबत टीटीएल ही सेकंदांतील मुदत असते. तेवढा काळ इतर सर्व्हर जुने उत्तर जपून ठेवू शकतात. ८६४०० म्हणजे एक दिवस. स्थलांतराच्या एक-दोन दिवस आधी ही मुदत ३०० वर आणल्यास पुढील बदल पाच-दहा मिनिटांत बहुतेक ठिकाणी पोहोचतो. नवे संकेतस्थळ आधी सज्ज करावे, मग ए अथवा सीनेम रेकॉर्ड बदलावा. जुना एएएए रेकॉर्ड असल्यास तोही बदलावा अथवा काढावा. अन्यथा काही वाचक जुन्याच सर्व्हरवर जातील. 'एनएसलुकअप' या आज्ञेने खात्री करून घ्यावी आणि जुना सर्व्हर काही दिवस सुरू ठेवावा.

डीएनएस केवळ पत्ता दाखविते. नव्या सर्व्हरवर त्या डोमेनची नोंद व सुरक्षा प्रमाणपत्र नसेल, तर वाचकाला संकेतस्थळाऐवजी धोक्याची सूचना दिसेल. ब्राउझरमधील नावच बदलून वाचकाला अन्यत्र पाठवावयाचे असेल, तर ते काम डीएनएसचे नसून वेब सर्व्हरवरील ३०१ क्रमांकाच्या रिडायरेक्टचे आहे.

सावधगिरी

केवळ संकेतस्थळ हलवायचे असताना नेम सर्व्हरच बदलले आणि एमएक्स नोंदी तेथे उतरविल्या नाहीत, तर ई-मेल येणे थांबते. त्यामुळे सर्व जुन्या नोंदी आधी लिहून घ्याव्यात. बंद केलेल्या सेवेकडे बोट दाखविणारा सीनेमही तसाच सोडू नये. काही सेवांमध्ये ते मोकळे झालेले नाव त्रयस्थाला घेता येते आणि मग आपल्या नावाखाली त्याचा मजकूर झळकतो.

सर्वांत महत्त्वाची बाब मालकीची. अनेक छोट्या संस्थांचे डोमेन संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याच्याच नावे व ई-मेलवर नोंदविलेले असते. त्याच्याशी संबंध तुटल्यास उपरोक्त एकही बदल करता येत नाही. म्हणून नोंदणी संस्थेच्या नावे आहे ना, लॉगइन व पासवर्ड आपल्या ताब्यात आहेत ना आणि मुदत कधी संपते, हे आजच तपासून घेणे हिताचे.