न्यूम्युलाइट्स

फोरॅमिनीफेरा या एकपेशीय प्राण्यांच्या गटातील एक विलुप्त वंश (गण रोटॅलिडा, कुल न्यूम्युलिटिडी). पॅलिओसीनच्या उत्तरार्धात उगम, इओसीनमध्ये (सु. ५·६ ते ३·४ कोटी वर्षांपूर्वी) भरभराट व ऑलिगोसीनमध्ये ऱ्हास. वंशनाम लामार्क यांनी १८०१ मध्ये दिले. लहान नाणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते आले आहे.

कवच : कॅल्शियम कार्बोनेटाचे, भिंगाच्या वा चपट्या नाण्याच्या आकाराचे. व्यास काही मिमी. ते काही सेंमी.; एन. मिलेकॅपुट या जातीत तो १० सेंमी.हून अधिक आढळला आहे. नमुना ज्योतीवर तापवून थंड पाण्यात टाकला की बहुधा मधल्या प्रतलात फुटून त्याच्या दोन चकत्या होतात आणि आतले वेटोळे उघडे पडते. केंद्रस्थानी आद्यकोष्ठ (पहिला कप्पा), त्याभोवती एकाच प्रतलात घट्ट फिरणारे वेढे व पडद्यांनी विभागलेले असंख्य कप्पे दिसतात. प्रत्येक नवा वेढा आधीच्या वेढ्यांना दोन्ही बाजूंनी झाकतो, त्यामुळे बाहेरून वेढे दिसत नाहीत. भित्ती सच्छिद्र असते. कडेने जाणारा जाड सीमांत रज्जू मात्र छिद्ररहित असून त्यात नलिकांचे जाळे असते. पृष्ठावर पडद्यांच्या रेषा (अरीय, नागमोडी वा जाळीदार) आणि काही जातींत स्तंभांची टोके दाण्यांसारखी उमटतात. जाती ओळखताना ही पृष्ठरचना, वेढ्यांतील अंतर व आद्यकोष्ठाचा व्यास पाहतात.

द्विरूपता : एकाच थरात एकाच जातीची दोन रूपे सापडतात. अलैंगिक प्रजननातून आलेल्या ‘अ’ रूपाचे कवच लहान, पण आद्यकोष्ठ मोठा. लैंगिक प्रजननातून आलेल्या ‘ब’ रूपाचे कवच मोठे, पण आद्यकोष्ठ सूक्ष्म. ‘अ’ रूपे सामान्यतः संख्येने अधिक असतात. हे कळण्यापूर्वी दोहोंना वेगळी जातिनामे मिळाली होती : एन. लीव्हिगॅटस (‘ब’) व एन. लामार्की (‘अ’) ही त्यांपैकी एक जोडी. म्यूनिए-शाल्मा यांनी १८८० मध्ये ही द्विरूपता दाखवून दिली. तरी दुहेरी नावे पुढेही बराच काळ चालू राहिली.

वर्गीकरण : कप्प्यांमुळे प्रारंभी यांची गणना शीर्षपाद मृदुकायांत होई; पण फोरॅमिनीफेरा एकपेशीय असल्याचे द्यूझार्दँ यांनी १८३५ मध्ये दाखविले. बाहेरचे वेढे आतल्यांना न झाकणाऱ्या ॲसिलिना या गटाला काही तज्ञ स्वतंत्र वंश मानतात, काही उपवंश. हिंदी-पॅसिफिक महासागरांतील एक जिवंत जातीही काहींनी याच वंशात घातली आहे. इतर तज्ञ तिला पॅलिओन्यूम्युलाइट्स या वंशात ठेवतात.

आढळ : टेथिस या प्राचीन समुद्राच्या उथळ किनारपट्टीवरील चुनखडक. गीझा येथील पिरॅमिडांच्या दगडांत एन. गिझेहेन्सिस विपुल आहे; हे कामगारांच्या जेवणातील मसुराचे दगड झालेले दाणे, ही समजूत स्ट्रेबोने नोंदविली आहे. भारतीय उपखंडात सिंध, कच्छ, सुरत-भडोच व मेघालय. उपखंडातील जातींवर दार्शियाक व एम यांचा ग्रंथ (१८५३–५४) पायाभूत मानला जातो.

उपयोग : थरांचे वयनिर्धारण. काही ठिकाणी खनिज तेलाचे साठे न्यूम्युलाइट्सयुक्त चुनखडकांत आहेत.