प्रेक्षकाची नजर आणि नृत्याची संहिता

२९ मे १९१३ रोजी पॅरिसमधील शाँझेलिझे नाट्यगृहात 'ल साक्र द्यु प्रँताँ' या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. संगीत स्त्राविन्स्कीचे, नृत्यरचना निजिन्स्कीची. प्रेक्षागृहातील गदारोळामुळे तो गाजला. आत वळलेली पावले आणि जमिनीकडे ओढले जाणारे देह यांनी अभिजात बॅलेने घडविलेले अपेक्षांचे क्षितिज मोडले, हे खरेच. परंतु प्रेक्षकाची भूमिका तेथेच संपत नाही.

मोजक्या प्रयोगांनंतर ही रचना रंगमंचावरून नाहीशी झाली. १९२० मध्ये त्याच संगीतावर मासीनने नवी रचना केली. स्वरलिपी उरली, नृत्य उरले नाही. १९८७ मध्ये जॉफ्री बॅलेसाठी मिलिसेंट हॉडसन यांनी तिची पुनर्रचना केली, तेव्हा निजिन्स्कीला साहाय्य करणाऱ्या मारी रॅम्बर्ट यांच्या टिपणांबरोबरच व्हालेंतीन ग्रोस यांनी प्रयोग पाहून केलेली रेखाटने आणि तत्कालीन परीक्षणे आधारभूत ठरली.

म्हणजे नृत्याची संहिता काही अंशी प्रेक्षकाच्या नजरेत टिकून होती. नजर मात्र निवड करते. म्हणून पुनर्रचित नृत्यात निजिन्स्कीबरोबर त्याचा प्रेक्षकही उपस्थित असतो. नृत्येतिहासाने त्याला केवळ हुल्लडीचा साक्षीदार मानणे अपुरे आहे.