शिरोड्याचं मीठ आणि बर्फातला रस्ता

मे १९३०. शिरोड्याच्या मिठागरांत सत्याग्रही शिरले, मीठ उचललं आणि तुरुंगात गेले. आज शिरोडा सिंधुदुर्गात आहे, पण १९८१पर्यंत ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. आप्पासाहेब पटवर्धनांसारखी माणसं त्या लढ्यात होती. मिठावर कर होता, त्यामुळे कर न भरता उचललेलं मूठभर मीठही गुन्हा ठरायचं.

पुढे आठच वर्षांनी, १९३८च्या हिवाळ्यात, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यानं प्रयोग म्हणून रस्त्यावर मीठ टाकायला सुरुवात केली. बर्फ वितळावा म्हणून!

मीठ हे करतं कसं? साधं पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात २३ टक्के मीठ मिसळलं की ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. आंब्याचं आइस्क्रीम करताना संचाभोवतीच्या बर्फात खडेमीठ घालतात ते यासाठीच. बर्फाच्या लाद्या बनवणाऱ्या कारखान्यातही पाण्याचे डबे थंडगार खाऱ्या पाण्यात सोडतात. डब्यातलं पाणी गोठतं, बाहेरचं खारं पाणी वाहतंच राहतं.

रस्त्यावर मात्र कोरड्या मिठाची एक अडचण होती. गाड्यांच्या चाकांखाली खडे उडून कडेला जातात, आणि जे उरतात तेही पाण्यात विरघळल्याशिवाय काम करत नाहीत. मग विरघळवूनच का टाकू नये? १९९०च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत पसरली. हिमवृष्टीच्या आधीच टँकर रस्त्यावर खारं पाणी फवारत जातो, म्हणजे बर्फ डांबराला घट्ट चिकटतच नाही. बग येण्याआधीच टेस्ट लिहून ठेवावी, तसं हे. मीठही कमी लागतं.

पण टाकलेलं मीठ नाहीसं होत नाही. ते ओढ्यात, तळ्यात, विहिरीत उतरतं. पुलाच्या काँक्रीटमध्ये मुरून आतल्या सळया गंजवतं. हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, खाऱ्या वाऱ्यानं स्लॅबचे पोपडे कसे सुटतात ते आपण बघतोच. भातशेतीत खाडीचं पाणी शिरू नये म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या खारबंधारे बांधत आलो, आणि तिकडे तेच पाणी मुद्दाम फवारतात. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? बर्फावरून गाडी घसरली की माणसं मरतात.

आता काही ठिकाणी खाऱ्या पाण्यात बिटापासून साखर काढून उरलेली मळी मिसळतात. त्यानं पाणी रस्त्याला धरून राहतं आणि मीठ आणखी थोडं वाचतं.