शेर, तोळा आणि कुडो

आरमोरीच्या आठवडी बाजारात भाजीची रांग संपली, की कडेला ताडपत्रीवर जुनापुराणा माल मांडलेला दिसतो. कान तुटलेली पातेली, बिनकाचेचा कंदील, कुलपे हरवलेल्या किल्ल्या आणि त्यांत कधीमधी एखादे शेराचे वजन. त्या ढिगापुढे तासभर बसायला मला कंटाळा येत नाही. “कायले एवढं पायता जी, गुर्जी? मोडीचा माल हाये,” असे विकणारा म्हणतो. घरची मंडळीही याला नादिष्टपणाच म्हणतात. म्हणोत बापडी!

पण वाचकहो, तो गंजका शेर काही थोडाथोडका इतिहास सांगत नाही. पूर्वी मुलखामुलखाचा शेर निराळा असे. १८३३ साली कंपनी सरकारने १८० ग्रेनचा तोळा ठरविला, आणि रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला. म्हणजे राणीछाप रुपया हे नाणेही होते अन् वजनही! असे ८० रुपये पारड्यात टाकले की पक्का शेर, चाळीस शेरांचा मण. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, त्याबरोबर आमचा चांदा मुलूखही इंग्रजांकडे गेला आणि सरकारी तोळा इकडेही आला.

पुढे १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात शिरला. शेर भरला सुमारे ९३३ ग्रॅम. किलोहून थोडासाच उणा, पण तेवढ्याने तो अडगळीत गेला. भाषेतून मात्र त्याला कोणी हुसकावू शकले नाही. आजही माझ्या वर्गातली पोरे शेराला सव्वाशेर भेटवितात, तोळामासा प्रकृतीची थट्टा करतात आणि सोळा आणे खरे बोलल्याची शपथ घेतात. आणा मात्र एकानेही पाहिलेला नसतो.

अशा अडगळीचे मोल पुण्याच्या दिनकर केळकरांनी ओळखले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा हा गृहस्थ दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे गोळा करीत हिंडला. लोक मोडीत घालीत ते त्यांनी पदरमोड करून घेतले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. १९९० साली ते वारले. वीस हजारांच्या आसपास वस्तू त्यांनी मागे ठेवल्या. तिथला एकेक अडकित्ता पाहताना वाटते, राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा आपल्या आजीच्या पानाच्या डब्याने घरातल्या गोष्टी अधिक ऐकल्या असतील.

आमच्या झाडीत तर धान तोलण्यापेक्षा मापण्याचीच रीत. त्याचे माप म्हणजे कुडो. देताना एक कुडो अन् घेताना दुसरा, जरा मोठा, ठेवणाऱ्या सावकारांच्या गोष्टी म्हातारी माणसे अजून सांगतात. असा एक काठ झिजलेला कुडो मी घेऊन शाळेत ठेवला आहे. पोरांना तांदूळ भरून मापायला सांगितले. पहिल्याने शीग लावून मापला, दुसऱ्याने काठाशी सपाट करून. तांदूळ काट्यावर घातला, तर दोघांच्या वजनात चांगलाच फरक निघाला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “गुर्जी, मंग सावकार कसा मापे?”

आम्ही तो तास गणिताऐवजी इतिहासाचा केला.