सैनिकांचे अपंगत्व निवृत्तिवेतन : सिद्धतेचा भार व अपिलाचा इतिहास
(प्रतापगड, जि. गोंदिया या परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
सैनिकी इतिहासाचे लेखन बहुतांशी लढाया, सेनानी व शौर्यपदके यांच्याभोवती फिरते. युद्धभूमीवरून अथवा शांतताकालीन सेवेतून अपंग होऊन परतलेल्या सामान्य शिपायाचा शासनाशी चालणारा दीर्घ पत्रव्यवहार मात्र इतिहासाचा विषय क्वचितच होतो. वस्तुतः सैनिक व राज्यसंस्था यांच्यातील कराराचे खरे स्वरूप या पत्रव्यवहारातच उघड होते. अपंगत्व सेवेमुळे आले की नाही, ते किती टक्के आहे आणि हे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, या तीन प्रश्नांची उत्तरे स्वातंत्र्योत्तर भारतात कशी बदलत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमांची चौकट :
भूसेनेच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांतील विनियम १७३ ने दोन अटी घातल्या. वैद्यकीय कारणाने सेवामुक्त झालेल्या सैनिकाचे अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे आणि ते किमान २० टक्के असावे. यामुळे १९ व २० टक्के यांतील अंतर केवळ एका अंकाचे राहिले नाही. ते हक्क व नकार यांतील अंतर ठरले.

१९८२ च्या पात्रता नियमांनी या चौकटीला सैनिकाभिमुख वळण दिले. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आणि पुढे सेवामुक्तीस कारण ठरलेला आजार सामान्यतः सेवेतच उद्भवला असे मानावे, दावेदारावर पुराव्याचा भार टाकू नये आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यावा, अशी ही तत्त्वे होत. त्यांना जागतिक पार्श्वभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, ब्रिटनने निवृत्तिवेतन अपील न्यायाधिकरणांचा कायदा केला आणि त्याच वर्षी सिद्धतेचा भार सैनिकावरून दूर केला. न्यायमूर्ती डेनिंग यांनी १९४७ मध्ये मिलर खटल्यात पुराव्याच्या प्रमाणाविषयी केलेले विवेचन याच निवृत्तिवेतनविषयक कायद्यातून उद्भवले होते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दाव्यांवर न्यायालयीन पुनर्विलोकनाची स्वतंत्र व्यवस्था १९८८ च्या कायद्याने आली.

नियम व व्यवहार यांतील अंतर :
नियम उदार असले तरी व्यवहार तसा राहिला नाही. वैद्यकीय मंडळाच्या अहवालात ‘सेवेशी संबंध नाही’ किंवा ‘आजार प्रकृतिजन्य आहे’ एवढीच टीप येई आणि तीवर दावा फेटाळला जाई. न्यायालयांचा कलही काही काळ मंडळाच्या मतास प्राधान्य देण्याकडे होता. दामोदरन प्रकरणातील २००९ चा निर्णय या भूमिकेचा द्योतक आहे.

परिवर्तन घडले ते धरमवीर सिंह विरुद्ध भारतीय संघराज्य या प्रकरणात. १९८५ मध्ये भरती झालेला हा शिपाई अपस्माराच्या कारणाने १९९४ मध्ये सेवामुक्त झाला. अपंगत्व २० टक्के ठरले. परंतु ते सेवेशी असंबद्ध असल्याचे मंडळाने नमूद केले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक त्या वेळी सुदृढ होता असे गृहीत धरले पाहिजे. विपरीत मत द्यावयाचे असल्यास मंडळाने कारणे दिली पाहिजेत. यात नवा नियम नव्हता. १९८२ मध्ये लिहिलेला नियम तीन दशकांनंतर त्याच्या शब्दांनुसार वाचला गेला, इतकेच.

टक्केवारीचा प्रश्न :
पाचव्या वेतन आयोगानंतर ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने टक्केवारीचे टप्पे ठरविण्यात आले. ५० पेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के, ५० ते ७५ मधील ७५ टक्के आणि त्याहून अधिक असलेले १०० टक्के मानावे, असे ठरले. परंतु हा लाभ वैद्यकीय कारणाने मुदतपूर्व सेवामुक्त झालेल्यांनाच दिला गेला. अपंगत्व अंगावर घेऊन सेवेची मुदत पूर्ण करणारा सैनिक वगळला गेला. दुखणे सोसत काम करीत राहणाऱ्यास त्याची शिक्षा मिळावी, हा विरोधाभास राम अवतार प्रकरणातील १० डिसेंबर २०१४ च्या निर्णयाने दूर झाला.

याहून सूक्ष्म प्रश्न कायम परिचारक भत्त्याचा आहे. अमेरिकेतील विशेष मासिक भरपाईतील परिचर्येच्या तरतुदीशी याचे साम्य आहे. अपंगत्व १०० टक्के असावे आणि स्वीकृत अपंगत्वामुळेच सतत दुसऱ्याच्या मदतीची गरज आहे अशी वैद्यकीय मंडळाची शिफारस असावी, या त्याच्या अटी होत. २०१७ मध्ये हा भत्ता दरमहा ४,५०० रुपयांवरून ६,७५० रुपये झाला. रक्कम लहान आहे; तथापि अपंग सैनिकाला उठविणे, बसविणे, स्नान घालणे ही पत्नीने वा मुलांनी वर्षानुवर्षे केलेली विनामूल्य सेवा राज्यसंस्थेच्या हिशेबात येते ती केवळ या एका तरतुदीतून.

अपिलाचा मार्ग आणि प्रतापगडचे अंतर :
दावा नाकारला गेल्यास प्रथम अपील, द्वितीय अपील व त्यानंतर २००७ च्या कायद्याने निर्माण झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण, असा क्रम आहे. न्यायाधिकरणाचे कामकाज २००९ मध्ये सुरू झाले. उच्च न्यायालयाचा मार्ग २०१५ च्या एका निर्णयाने आक्रसला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये तो पुन्हा मोकळा केला.

कागदावर सरळ दिसणारा हा क्रम प्रतापगडहून पाहिल्यास निराळा भासतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील हे गाव किल्ल्यासाठी व महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. येथील एखाद्या माजी सैनिकाची सेवापुस्तिका त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असणार. गार्ड्‌सचा असल्यास कामठीस, महार रेजिमेंटचा असल्यास सागरला. निवृत्तिवेतनाची मंजुरी प्रयागराजहून येते, अपील समित्या दिल्लीत बसतात. निवृत्त सैनिकाने सामान्यतः आपल्या निवासाच्या कार्यक्षेत्रातील पीठाकडे जावे असा नियम असल्याने त्याचे न्यायाधिकरण मुंबईत आहे. जबलपूरचे पीठ गोंदियाहून कितीतरी जवळ असले, तरी ते मध्य प्रदेश व छत्तीसगडसाठी आहे. गोंदिया ते मुंबई हा रेल्वेप्रवास ९५० किलोमीटरांहून अधिक आहे. शंभर टक्के अपंग माणसाने तो करावा, हे अपेक्षिणेच कठोर ठरते.

अंतराची किंमत विलंबात मोजली जाते. तरसेम सिंह प्रकरणातील सैनिक १९८३ मध्ये सेवामुक्त झाला व १९९९ मध्ये न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निवृत्तिवेतनाचा अन्याय हा दरमहा नव्याने घडणारा अन्याय मानून दावा विलंबाने बाद होत नाही असे म्हटले. मात्र अशा प्रकरणांत थकबाकी सामान्यतः मागील तीन वर्षांपुरतीच मर्यादित राहील असेही ठरविले. म्हणजे हक्क टिकतो, पण गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. ज्याला नियम उशिरा कळतो, त्याचेच नुकसान सर्वाधिक होते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, या इतिहासातील मुख्य संघर्ष नव्या हक्कासाठी नसून लिहून ठेवलेल्या हक्काच्या अंमलबजावणीसाठी होता. सप्टेंबर २०२३ च्या नव्या पात्रता नियमांनी अपंगत्वाच्या घटकाचे नाव ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असे बदलले. नाव बदलले तरी सिद्धतेच्या भाराचा प्रश्न तोच राहतो. वैद्यकीय मंडळाचा सकारण अहवाल सैनिकाच्या हाती सेवामुक्तीच्या दिवशीच पडणे आणि अपिलाची मुदत त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितली जाणे, या दोन गोष्टी न्यायालयाच्या निर्णयांइतक्याच महत्त्वाच्या आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये व ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, राज्यशास्त्र व विधी विषयांचे प्राध्यापक यांनी माजी सैनिकांच्या कागदपत्रांचे वाचन एकत्रितपणे हाती घेतल्यास स्थानिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन जतन होईल आणि काही घरांतील थांबलेले अपीलही मार्गी लागेल.